तळातून भरणारी जखम

जखमेनं तोंड मिटलं की जखम बरी झाली, असं बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या लांजीकडे सर्रास समजतात. खपली धरली की घरातली मोठी माणसं सांगून मोकळी होतात, ‘झालं, आता बांधावर जायला हरकत नाही.’ बालाघाटच्या सर्जिकल वॉर्डात नर्सिंगच्या मुलीला आधी हा समज बाजूला ठेवावा लागतो. खोल जखमेचं तोंड लवकर मिटणं ही तिथे चांगली बातमी नसते. वरची कातडी जुळली आणि खाली पोकळी तशीच राहिली, तर तिच्यात पू साचतो. आठ-पंधरा दिवसांत माणूस तापानं फणफणत परत येतो आणि मिटलेली जागा डॉक्टरांना पुन्हा चिरावी लागते. म्हणून काही जखमांना मुद्दाम टाके घालत नाहीत. त्यांच्या पोकळीत निर्जंतुक गॉज सैलसर भरून ठेवतात आणि तळातून मांस वर येईपर्यंत ती बदलत राहतात. वॉर्डात याला सगळे पॅकिंग म्हणतात. रुग्णांच्या भाषेत ती ‘आतली पट्टी’.

मी जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी मराठी आणि पोवारी, शाळा हिंदीतून, नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत आणि वॉर्डातला रिपोर्ट पुन्हा हिंदीत. वैनगंगेच्या काठचं बालाघाट मध्य प्रदेशात असलं तरी निम्मं दुखणं गोंदियाकडे जातं आणि अवघड दुखणं नागपूरला. जे इथेच राहतं ते आम्ही शिकतो.

पॅकिंग लागणाऱ्या जखमा इथे कुठून येतात, हे पाहिलं की जिल्हाच डोळ्यांसमोर येतो. गावच्या झोलाछाप डॉक्टरानं कुल्ल्यावर टोचलेल्या सुईचं गळू होतं. मधुमेह असल्याचं माहीतच नसलेल्या शेतकऱ्याच्या मानेवर काळपुळी उठते. रोवणीच्या चिखलात महिनाभर भिजलेल्या पायाला भेग पडते आणि ती आत पोखरत जाते. बाळंतिणीच्या स्तनात पू होतो. लकव्यानं पडून असलेल्या आजीच्या माकडहाडावर शय्याव्रण होतो. वरून रुपयाएवढा दिसतो आणि आत कातडीखाली चारी बाजूंना पसरलेला असतो. बैहर-परसवाड्याच्या जंगलाकडून मोहफुलांच्या दिवसांत अस्वलानं फाडलेला माणूसही येतो. मोह माणसाला हवा तसा अस्वलालाही हवा असतो आणि दोघंही पहाटेच झाडाखाली जातात. गडचिरोलीच्या हेमलकसात 1973 साली बाबा आमटेंनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाकिनीताईंनी तिथला दवाखाना चालवला. त्यांच्याकडेही अस्वलाच्या पंजाचे असे रुग्ण येत. नखांच्या जखमेत माती, केस, पालापाचोळा असं सगळं आत गेलेलं असतं. ती शिवून टाकली तर घाण आतच कोंडते.

शिकण्याची सुरुवात जखमेपासून होत नाही, कापडापासून होते. गॉजचं थान येतं आणि दुपारच्या निवांत वेळी आया, सिस्टर आणि आम्ही मुली ते कापायला बसतो. चौकोन कापायचा, पण घडी अशी घालायची की कापलेल्या कडा आत जातील. बाहेर राहिलेल्या कडेचा एखादा धागा जखमेत सुटला, तर शरीर त्याला परका मानतं आणि त्याच्याभोवती पू धरतं. हे काम इतकं साधं दिसतं की पहिल्या वर्षाच्या मुली गप्पा मारत करतात. मला विचाराल तर पॅकिंगची निम्मी विद्या या घडीत आहे. खोल पोकळीसाठी मात्र चौकोन घेत नाहीत. एकच लांब पट्टी घेतात, म्हणजे काढताना एक टोक धरलं की सगळी बाहेर येते.

घड्या ड्रममध्ये भरतात आणि ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये जातो. 121 अंश सेल्सिअस, पंधरा पौंड दाबाची वाफ. ड्रमच्या कडेला भोकं असतात. ती आत जाताना उघडी हवीत, म्हणजे वाफ घड्यांपर्यंत पोचते, आणि बाहेर काढताच बंद. ड्रमवर चिकटवलेल्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या की झालं, असं मुली समजतात. ती टेप फक्त ड्रमला उष्णता लागली एवढंच सांगते. मधल्या घडीपर्यंत वाफ गेली का, हे तिला कळत नाही. म्हणून ड्रम खच्चून भरू नये, असा आमच्या मॅडमचा जप असतो. ओला निघालेला ड्रमही वापरत नाहीत, कारण ओल्या कापडातून जंतू सहज आत येतात.

निर्जंतुक म्हणजे काय, हे मला आजीच्या सोवळ्यावरून लवकर उमगलं. शिवलं की गेलं, अर्धवट काही नाही. फरक एवढाच की सोवळ्यात कोण शिवलं हे पाहतात आणि इथे काय शिवलं तेवढंच पाहतात. मोठ्या डॉक्टरांचं उघडं बोट गॉजला लागलं तरी ती गॉज टाकायची. बैगा आदिवासी बाईची जखम असो की पाटलाची, कापडाला नियम तोच.

बाकीचे नियम पाठ करायला सोपे, अंगात मुरायला कठीण. निर्जंतुक ट्रेचं वेष्टन उघडताना आपल्यापासून लांबचा पदर आधी उघडायचा, मग बाजूचे, जवळचा शेवटी. म्हणजे हात उघड्या कापडावरून फिरत नाही. वेष्टनाची इंचभर कड अशुद्ध धरायची. कमरेच्या खाली गेलेला हात गेला. ट्रेकडे पाठ फिरवली तर ट्रे गेला, कारण आपण पाहत नसताना काय लागलं ते आपल्याला माहीत नसतं. सलाइन ओततानाही बाटलीचं तोंड भांड्याला लागू द्यायचं नाही. हातमोजा घालायचा तर पहिला मोजा दुमडलेल्या भागाला आतून धरायचा आणि मोजा घातलेल्या हाताची बोटं दुसऱ्या मोज्याच्या दुमडीखाली बाहेरून घालायची. उघडा हात मोज्याच्या आतल्या बाजूला आणि मोजा मोज्याच्या बाहेरच्या बाजूला, एवढंच त्याचं सूत्र. सरकारी पुरवठ्यात साताचे नाहीतर साडेसाताचे मोजे येतात. आमच्यातल्या बहुतेकींचे हात साडेसहाचे. बोटांच्या टोकाला रिकामा रबर लोंबतो आणि चिमट्यात गॉजबरोबर तोही येतो.

हे नियम अंगात मुरावेत म्हणून मॅडमनी एक युक्ती काढली होती. प्रॅक्टिकलच्या खोलीत टेबलाची कड, बाटली, पलंगाचा दांडा, जे जे निर्जंतुक नाही त्यावर त्यांनी गुलाल भुरभुरला. जखमेच्या जागी गाभा काढलेला कोहळा ठेवला. ‘करा पॅकिंग.’ प्रत्येकीचं झालं की गुलाल कुठे पोचला ते पाहायचं: कोणाच्या कोपरावर, कोणाच्या चष्म्यावर, कोणाच्या कोहळ्याच्या तळाशी. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, ही या कामातली मोठी अडचण. गुलाल ती तासाभरासाठी दूर करतो.

ज्या मोज्यांचं हे सगळं कौतुक, ते एका नर्समुळे आले हे पुस्तकात एका ओळीत येतं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन या ऑपरेशन थिएटरच्या प्रमुख नर्स होत्या. हात धुवायला पाऱ्याचं जंतुनाशक वापरत, त्यानं त्यांचे हात सोलून निघाले. 1889-90च्या हिवाळ्यात सर्जन हॅल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. रुग्णाचं रक्षण करायला नव्हे, नर्सचे हात वाचवायला. 1890 साली दोघांचं लग्नही झालं. रुग्णालाही त्याचा फायदा होतो, हे लोकांच्या ध्यानात नंतर आलं.

आता प्रत्यक्ष जखमेकडे येऊ. किरनापूरकडचे एक बाबाजी, मानेवर काळपुळी. घरी आधी बिब्बा लावला, मग पोटीस बांधलं, मग तंबाखू. दवाखान्यात आले तेव्हा साखर वाढलेली आणि मानेवर चाळणीसारखी तोंडं. डॉक्टरांनी चिरून सडका भाग काढला आणि मागे लिंबाएवढी पोकळी राहिली. ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास दुखण्याची गोळी द्यायची, हे कागदावर लिहिलेलं असतं. गडबडीच्या वॉर्डात तेच आधी गळतं. स्टाफ सिस्टरच्या देखरेखीखाली मी ड्रेसिंगला लागले आणि आधी पंखा बंद केला. मे महिन्यात बालाघाटात पंखा बंद करणं म्हणजे अख्ख्या खोलीचे शिव्याशाप घेणं. पण फिरत्या पंख्याखाली उघडी जखम म्हणजे धुळीला आमंत्रण. झाडझूडही आधीच उरकलेली हवी.

साध्या मोज्यांनी जुनी पट्टी काढायची. चिकटली असेल तर ओढायची नाही, सलाइननं भिजवून थांबायचं. बाबाजी म्हणाले, “हळू कर वो बाई, मान उपटशील.” मी म्हटलं, “बाबाजी, दुखलं की हात वर करा, मी थांबते.” हात वर करायला सांगितलं की माणूस निम्मा शांत होतो, हे मला सिस्टरकडून मिळालेलं ज्ञान. निघालेली गॉज फेकण्याआधी पाहायची: किती भिजली, रंग कोणता, वास कसा, आणि किती तुकडे निघाले. काल आत दोन घातले आणि आज एकच निघाला, तर दुसरा जखमेतच आहे. तो सापडेपर्यंत पुढचं काही करायचं नाही. मळकी गॉज पिवळ्या पिशवीत, मोजे लाल पिशवीत. 2016च्या नियमांनी रंग ठरवून दिलेत. मग हात धुवायचे आणि आता निर्जंतुक मोजे.

जखम धुवायची ती मधून बाहेर. एक बोळा, एक फेर, मग तो टाकायचा. पोकळी सलाइनच्या सिरिंजनं धुतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून लोकांना वाटतं घाण निघतेय, पण बंदिस्त खोल पोकळीत तो घालायचा नाही. त्यातून सुटलेला वायू रक्तात शिरू शकतो. धुऊन झाल्यावर आत पाहायचं. तळाशी लाल, ओलसर, दाणेदार दिसलं तर ते नवं मांस. पिवळं चिकट असेल तर मेलेला थर, काळं असेल तर डॉक्टरांना बोलवायचं. मग निर्जंतुक काडीनं खोली मोजायची आणि कातडीखाली बोगदा आहे का तेही पाहायचं. त्याची दिशा घड्याळाच्या काट्यांवरून लिहितात, डोक्याकडे बारा. ‘तीनच्या दिशेला दोन सेंटिमीटर’ असं लिहिलं की रात्रपाळीच्या सिस्टरला अंदाज घ्यावा लागत नाही.

आणि मग भरणं. पट्टी सलाइनमध्ये भिजवून पिळायची, टपकता कामा नये. घडी मोडून मोकळी करायची. चिमट्यानं सगळ्यात खोल कोपऱ्यापासून सुरुवात, बोगदा असेल तर आधी तो. पट्टी आजूबाजूच्या कातडीला न लागता आत जायला हवी. लागली तर कातडीवरचे जंतू आत नेणारी गाडी तीच होते. आणि ती भरायची सैल. नव्या हाताला वाटतं, जितकी जास्त गॉज तितकी चांगली सोय. ठासून भरलेली गॉज आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबते, म्हणजे ज्या मांसाला वाढायचंय त्याचंच रक्त तोडते. शिवाय पू बाहेर यायची वाट बंद करते. पट्टीनं पोकळीच्या भिंतींना नुसतं टेकायचं असतं. टोक बाहेर दिसेल असं ठेवायचं आणि ओली गॉज काठाच्या चांगल्या कातडीवर येऊ द्यायची नाही, नाहीतर ती कातडी पांढरी पडून फुगते. वर कोरडं पॅड, त्यावर पट्टी. पंखा चालू केला तेव्हा बाबाजींच्या आधी शेजारच्या पलंगावरच्या माणसानं हुश्श केलं.

हे सगळं विलायतेहून आलेलं शास्त्र, असं मलाही सांगितलं असतं तर पटलं असतं, पण मॅडमनी सुश्रुतसंहितेतली विकेशिका दाखवली. विकेशिका म्हणजे मध, तूप आणि तिळाच्या कल्कात भिजवून जखमेत ठेवायची वात. ती फार तेलकट नको, फार कोरडी नको, वेडीवाकडी ठेवलेली नको, असं सुश्रुत बजावतो. तेलकट असेल तर जखम चिघळते, कोरडी असेल तर आत चिरतं, नीट बसली नसेल तर कडा घासतात. आमची सिस्टर वॉर्डात जे ओरडते, तेच. ओली गॉज भरायची आणि वाळली की ओढून काढायची, म्हणजे मेलेला थर तिच्याबरोबर निघतो, ही पद्धत विसाव्या शतकात जगभर चालली आणि अजूनही ठिकठिकाणी चालते. तिच्याबरोबर नवं मांसही निघतं आणि माणूस किंचाळतो. 1962 साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकानं डुकरांच्या उथळ जखमांवर प्रयोग केला. पातळ प्लास्टिकखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगानं आली. तेव्हापासून ‘जखम वाळू द्या’ हा सल्ला मागे पडत गेला. आमच्या गावात तो अजून पहिल्या क्रमांकावर आहे.

प्रत्येक पोकळी भरायलाच हवी, असंही नाही. लहान गळू नीट चिरून पू काढला, तर नुसतं वरून झाकलं तरी भरतं आणि दुखणं कमी होतं, असं अलीकडच्या चाचण्यांत दिसलंय. भरायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. कसं भरायचं, हे नर्सचं.

हे हातानंच शिकावं लागतं, म्हणून मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांचं जे झालं त्याचा राग येतो. इमारत नाही, रुग्णालय नाही, अशा कॉलेजांना मान्यता मिळाल्याची प्रकरणं जबलपूरच्या हायकोर्टात गेली, सीबीआय चौकशी झाली आणि 2024 मध्ये अपात्र ठरलेली 66 कॉलेजं बंद करण्याचा आदेश निघाला. या भानगडीत हजारो मुलींच्या परीक्षा रखडल्या. त्यावर लिहिणाऱ्यांनी पैशांचे हिशेब पुष्कळ मांडले. जिनं कधी वॉर्डच पाहिला नाही तिनं मोजा कसा घालायचा, हा हिशेब कमी जणांनी मांडला.

खरी अडचण वॉर्डाबाहेर सुरू होते. काळपुळीची पोकळी भरायला कित्येक आठवडे लागतात आणि पलंग तेवढे दिवस मिळत नाही. बाबाजी घरी जातात. रोज बालाघाटला यायचं तर बसभाडं, सोबत एक माणूस आणि दोघांची मजुरी बुडते. मग जवळच्या आरोग्य केंद्रात पट्टी होते, किंवा घरी सून करते. घरी ऑटोक्लेव्ह नसतं, त्यामुळे तिथे दवाखान्याची शिस्त जशीच्या तशी मागण्यात अर्थ नाही. पण साबणानं धुतलेले हात, पाकीटबंद गॉज, न उघडलेलं सलाइन आणि आत कशालाही बोट न लावणं, एवढं कोणतीही सून करू शकते; ते तिला आधी करून दाखवायला हवं. आम्ही डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तिच्याकडून एकदा करून घेतो. पथ्याचंही तेव्हाच सांगतो. भातानं आणि डाळीनं पू होतो या समजुतीनं जखमेच्या माणसाला घरी दोन्ही बंद करतात, आणि तेही या धानाच्या जिल्ह्यात. मांस भरायला प्रथिनं लागतात. डाळ, अंडी, दूध बंद केलं तर शरीर भरणार कशानं? मधुमेह असेल तर भाताचं प्रमाण डॉक्टरांना विचारा, डाळ सोडू नका.

तुमच्या घरचं कोणी उघडी जखम घेऊन दवाखान्यातून निघालं, तर औषधांच्या चिठ्ठीवर आणखी तीन गोष्टी लिहून मागा: आत किती पट्ट्या आहेत, त्या कोणत्या तारखेला काढायच्या, आणि जखम आज किती खोल आहे. पुढची पट्टी करणाऱ्याला तो कागद आधी दाखवा आणि निघालेल्या पट्ट्या त्याच्यासमोर मोजा. ताप आला, वास वाढला किंवा भोवतीची लाली पसरायला लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जा.